संधी किती?

अमेरिकेतल्या कुठल्याही मराठी मंडळात काही पात्रं ठरलेली असतात. विमानात किती किलो सामान चालतं आणि लोणच्याची बरणी कुठल्या बॅगेत घालायची, हे तोंडपाठ असलेल्या एक वहिनी असतात. गणपतीच्या मखरापासून माइकच्या वायरीपर्यंत सगळं एकट्याने करणारे आणि पुढच्या गणपतीपर्यंत तेच सांगत फिरणारे एक भाऊ असतात. गाण्याच्या बैठकीत गायकाच्या आधी समेवर पोचणारे एक अण्णा असतात. बॉस्टनच्या आसपास मात्र यादी इथे संपत नाही. तिथे आणखी एक पात्र हमखास सापडतं, ते म्हणजे आकडेकाका.

आकडेकाका लांबून ओळखू येतात. उन्हाळी सहलीत बाकीची पुरुषमंडळी ग्रिलवर कणसं भाजत एकमेकांना सल्ले देत असतात, तेव्हा हे झाडाखाली घडीची खुर्ची टाकून बसलेले असतात. मांडीवर आडवी वही, एका कानावर पेन्सिल, दुसऱ्या कानात रेडिओची वायर. डोक्यावर बॉस्टनच्या बेसबॉल संघाची, रेड सॉक्सची, टोपी. तिचा रंग एके काळी निळा होता, हे आता सांगावं लागतं. पायात मोजे आणि वर सँडल. "काय काका, उकडतंय ना?" असं कुणी म्हणालं, तर ते मान वर न करता विचारतात, "फेनवेवर वारा आत येतोय की बाहेर जातोय?" विचारणारा कणसाकडे परत जातो.

काका मूळचे सांगलीचे. विजय हजारे जन्मले त्या गावचे, हे ते स्वतःच्या नावाच्या आधी सांगतात. शिकले इंजिनियरिंग, पण जीव कधी यंत्रांत रमला नाही. कॉलेजच्या टीममध्ये घ्यावं इतकं खेळता येत नव्हतं आणि टीमपासून लांब तर राहवत नव्हतं. अशा मुलाला जे काम देतात तेच त्यांना मिळालं: स्कोअर लिहायचा. मॅच बघताना त्यांचं लक्ष बॅटपेक्षा वहीकडे जास्त. मेडन ओव्हरची सहा टिंबं जोडून 'एम' काढण्यात त्यांना जो आनंद व्हायचा, तो बाकीच्या पोरांना षटकारातही होत नसे. घरी रेडिओवर बाळ ज. पंडितांची मराठी कॉमेंट्री लागली की वडील मान डोलवत ऐकायचे आणि हे लिहून घ्यायचे.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला काका मॅसॅच्युसेट्सला आले. क्रिकेट तर मागेच राहिलं. सांगलीहून भाऊ कात्रणं पाठवायचा, पण ती पोचेपर्यंत कसोटी संपून दुसरी सुरू झालेली असायची. अशात एक दिवस स्थानिक वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर त्यांना बेसबॉलचा बॉक्स स्कोअर दिसला. दोन बोटं रुंदीचा रकाना, मुंगीएवढी अक्षरं आणि त्यात अख्खी मॅच. काकांनी अजून बेसबॉलचा एकही चेंडू पाहिलेला नव्हता. तरी त्या रात्री त्यांनी तो रकाना भिंग लावून वाचला आणि काकूंना म्हणाले, "अगं, हे लोक आपलेच आहेत."

हे निव्वळ भाबडेपण नव्हतं. त्याला पुरावा आहे आणि काका तो पुरावा प्रत्येक नवागताला ऐकवतात. बेसबॉलचा बॉक्स स्कोअर रुजवला तो हेन्री चॅडविकने. हा गृहस्थ १८२४ साली इंग्लंडमधल्या एक्झेटरला जन्मला, लहानपणीच ब्रुकलिनला आला आणि मोठा होऊन तिथल्या वर्तमानपत्रांसाठी चक्क क्रिकेटच्या बातम्या लिहू लागला. पुढे बेसबॉलच्या प्रेमात पडला, तेव्हा क्रिकेटच्या धावफलकाची सवय सोबत घेऊन गेला. त्याने रकाने आखले, हिशेब लावला. १९३८ साली त्याला बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. "म्हणजे खेळ त्यांचा," काका हात वर करून निकाल देतात, "पण वही आपली." एक्झेटरचा माणूस सांगलीकरांच्या 'आपल्या'त कसा बसला, हे विचारण्याची हिंमत अजून कुणाला झालेली नाही.

फेनवे पार्क हे रेड सॉक्सचं १९१२ सालचं मैदान. त्याच्या डाव्या अंगाला सदतीस फूट उंचीची हिरवी भिंत आहे. तिला 'ग्रीन मॉन्स्टर' म्हणतात. त्या भिंतीच्या पोटात बसून माणसं आजही हाताने धावसंख्येच्या पाट्या बदलतात. जगभरचे लोक भिंतीवरून जाणारा होमरन बघायला येतात. काका पाटी बदलणारा हात बघायला जातात.

मैदानावर ते खेळ बघत नाहीत, लिहून घेतात. स्कोअरच्या वहीत खेळाडूला नाव नसतं, जागेचा नंबर असतो. पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा बेस ४, तिसरा बेस ५, शॉर्टस्टॉप ६, आणि लांबचे तिघे डावीकडून ७, ८, ९. शॉर्टस्टॉप उभा असतो दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये, मग त्याला मधलाच पाच नंबर का नाही, अशी शंका नवखा काढतो. काका या शंकेची वाटच बघत असतात. "आधी बेस राखणाऱ्यांचे नंबर लावून घ्यायचे. ३, ४, ५. ज्याला स्वतःचा बेस नाही, तो त्यांच्या मागून." मग दोन क्षण थांबून म्हणतात, "सगळ्यात जास्त काम त्यालाच असतं." हे ते मंडळाच्या कार्यकारिणीला उद्देशून म्हणतात की काय, हे नक्की कळत नाही.

त्यातून कधी डबल प्ले झाला, म्हणजे एकाच टोल्यावर दोघे बाद झाले, की पस्तीसेक हजार लोक एकदम उभे राहतात. काका तेवढे खाली वाकलेले असतात. वहीत '६-४-३' लिहून, भोवती गोल काढून, पेन्सिल परत कानावर ठेवून मग ते वर बघतात, तोवर सगळे खाली बसलेले असतात. खेळ चालू असताना ते जागचे हलत नाहीत. नाइलाजाने उठावंच लागलं तर वही काकूंच्या मांडीवर देतात आणि परत येऊन कपाळाला हात लावतात. कारण काकूंनी त्या चौकोनात मराठीत लिहिलेलं असतं: "दाढीवाल्याने जोरात मारला. धावला. पडला. बिचारा उठला."

भारतातून पाहुणे आले की पहिल्या संध्याकाळी, चहाच्या टेबलावर, डबल प्लेचा वर्ग भरतो. पाहुण्यांचा जेटलॅग जायच्या आत हे उरकावं लागतं, कारण नंतर ते पळवाटा शोधतात. टेबलाच्या मध्यभागी मिठाची बाटली ठेवतात, ती पिचर. बाकरवडी हा पहिला बेस, चकली दुसरा, चिरोटा तिसरा. रनर म्हणून एक भाजलेला शेंगदाणा बाकरवडीवर उभा राहतो.

"आता बघा. पहिल्या बेसवर माणूस आहे आणि दोनपेक्षा कमी बाद झालेत. फलंदाजाने चेंडू हवेत मारला, तर हा शेंगदाणा जागेवर थांबू शकतो. झेल गेला तर गेला एक. पण चेंडू जमिनीवरून गेला की फलंदाजाला पहिल्या बेसकडे पळावंच लागतं. तो येतोय म्हटल्यावर शेंगदाण्याला तिथून निघावंच लागतं, कारण एका बेसवर दोघांना जागा नाही. कळलं? इथे शॉर्टस्टॉपने चेंडू उचलला, चकलीवर उभ्या असलेल्या सोबत्याकडे टाकला. शेंगदाणा बाद! त्याने गर्रकन वळून बाकरवडीकडे फेकला. फलंदाज बाद! एका टोल्यात दोन गेले. आणि हे सगळं चार-साडेचार सेकंदांत, कारण नव्वद फूट धावायला फलंदाजाला तेवढाच वेळ लागतो."

एवढ्यात पाहुण्यांपैकी कुणी ज्येष्ठ दुसरा बेस उचलून तोंडात टाकतात. काका हवालदिल होतात. "अहो, आता हा रनर जाणार कुठे?"

"त्यालाही द्या इकडे," ज्येष्ठ हात पुढे करतात.

डबल प्लेचं कौतुक पिचरच्या बाजूचे करतात. तो पिचरचा जिवलग म्हणतात. ज्याच्या हातातून सुटलेला चेंडू शेवटच्या क्षणी खाली बसतो, त्या सिंकरवाल्या पिचरवर काकांचा विशेष लोभ. फलंदाज अशा चेंडूच्या डोक्यावर मारतो आणि चेंडू घरंगळत शॉर्टस्टॉपच्या पुढ्यात जातो. डेरेक लो हा असाच सिंकरवाला. २००४ साली शहाऐंशी वर्षांनी रेड सॉक्स जगज्जेते झाले, तेव्हा जेतेपदापर्यंतच्या तिन्ही मालिकांचा शेवटचा सामना याच्याच नावावर लागला होता. त्या रात्री सगळं बॉस्टन रस्त्यावर आलं होतं. काका घरात त्या मालिकांतले ग्राउंड बॉल मोजत होते.

पण त्यांचा खरा जीव अडकलेला आहे तो फलंदाजाच्या खात्यावर पडणाऱ्या आकड्यात. जमिनीवर चेंडू मारून डबल प्ले घडवला की ते फलंदाजाच्या नावावर लिहितात. त्याचं कलम काकांना मुखोद्गत आहे. डबल प्ले कसाही झाला म्हणून या रकान्यात जात नाही. चेंडू हवेतून थेट कुणाच्या हातात बसला आणि पुढे निघालेला रनर सापडला, तर गडी दोन गेले तरी हा डाग लागत नाही. मॅच बघताना शेजारचा "डबल प्ले!" म्हणून ओरडला की काकांचा प्रश्न तयार असतो, "जमिनीला लागला का?" लागला असेल तरच गुन्हा. शिवाय तिसऱ्या बेसवरचा माणूस त्या गडबडीत घरी, म्हणजे होम प्लेटवर, पोचला, तर संघाला धाव मिळते, पण ती आणल्याचं श्रेय फलंदाजाला मिळत नाही. "दंड पूर्ण, पगार कापलेला," काका म्हणतात.

हा रकाना नॅशनल लीगने १९३३ पासून ठेवला आणि अमेरिकन लीगने १९३९ पासून. बेब रूथची जवळजवळ सगळी कारकीर्द त्याआधीची. त्यामुळे रूथने किती डबल प्ले घडवले, याचा अधिकृत हिशेब नाही. रूथच्या ७१४ होमरनांबद्दल लोक तासन्‌तास बोलतात. काका गप्प बसून त्या न लिहिलेल्या रकान्याबद्दल हळहळतात.

आता जिम राइस. काका या मुलुखात आले तेव्हा फेनवेच्या हिरव्या भिंतीखाली, डाव्या बाजूला हा उभा असायचा. ताकद अशी की १९७८ साली ४६ होमरन मारून तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. आणि याच राइसच्या नावावर तो विक्रम आहे: १९८४ च्या एका मोसमात ३६ वेळा जमिनीवर चेंडू मारून डबल प्ले. तो अजून कुणी मोडलेला नाही. पुढच्या वर्षी ३५. १९८२ ते १९८५, सलग चार वर्षं या यादीत अमेरिकन लीगमध्ये तोच पहिला. बॉस्टनचे लोक हताश होऊन त्याच्या नावाने ओरडायचे. ऑफिसात कुणी त्याची टिंगल केली की नुकत्याच आलेल्या, धड इंग्रजी बोलायलाही बिचकणाऱ्या काकांना कंठ फुटायचा. "संधी किती?"

हा प्रश्न हेच काकांचं तत्त्वज्ञान. त्यांचं म्हणणं असं: छत्तीस हा आकडा एकट्याचा नव्हेच. डबल प्ले घडायला आधी कुणीतरी पहिल्या बेसवर उभा असावा लागतो. त्या संघात वेड बॉग्ज होता, ड्वाइट इव्हान्स होता. दोघेही बेस गाठण्यात पटाईत. राइस बॅट घेऊन आला की बेसवर गर्दीच असायची. ज्याच्यापुढे रनर जास्त, त्याचे डबल प्ले जास्त. त्याच राइसने त्याच मोसमात १२२ धावा घरी आणल्या, त्याही त्याच गर्दीतून. अशा संधीचा डबल प्ले साधारण दहात एकदाच होतो. तेव्हा नुसता 'किती' विचारू नये, 'कितीपैकी' विचारावं. शिवाय राइस उजव्या हाताने खेळायचा, म्हणजे पहिल्या बेसपासून डावखुऱ्यापेक्षा एक-दोन पावलं लांब. आणि चेंडू इतका जोरात मारायचा की तो शॉर्टस्टॉपकडे लवकर पोचायचा. हळू मारला असता तर वाचला असता. "जोरात मारण्याचीही शिक्षा असते," काका सांगतात आणि इथे नेहमी त्यांचा आवाज जरा चढतो.

संधीच्या हिशेबाचा धडधडीत दाखला म्हणजे जो टॉरी. २१ जुलै १९७५ ला मेट्सकडून खेळताना टॉरीने एका सामन्यात चार वेळा डबल प्ले घडवला. त्याच्या आधी खेळायला येणाऱ्या फीलिक्स मिलानने चारही वेळा सिंगल मारून पहिला बेस गाठला होता. सामन्यानंतर टॉरीने या पराक्रमाचं श्रेय मिलानला देऊन टाकलं. पुढे हाच टॉरी न्यूयॉर्क यांकीजचा मॅनेजर झाला आणि चार वर्ल्ड सिरीज जिंकून गेला. यांकीज म्हणजे रेड सॉक्सचे हाडवैरी; त्यांचं नाव काढलं की काका पाण्याचा घोट घेऊन तोंड स्वच्छ करतात. पण टॉरीला माफ आहे. तो संधीचा हिशेब समजलेला माणूस आहे.

उलट टोकाचे दोघेही काकांच्या वहीत आहेत. क्रेग बिजिओ १९९७ साली ह्यूस्टनकडून सगळेच्या सगळे १६२ सामने खेळला आणि एकदाही असा डबल प्ले घडवला नाही. त्याच्या कितीतरी आधी, १९३५ साली, शिकागो कब्जच्या ऑगी गॅलनने पूर्ण मोसम असाच निष्कलंक काढला. फक्त त्याच मोसमात त्याने एक ट्रिपल प्ले घडवला. म्हणजे दोन कधीच घालवले नाहीत, एकदा तीन घालवले. हे सांगताना काका इतके हसतात की टोपी पडते.

मग ते वहीचं मागचं पान उघडतात. तिथे कारकिर्दीत सर्वांत जास्त डबल प्ले घडवणाऱ्यांची यादी आहे, लाल शाईत. अल्बर्ट पूहोल्स ४२६. मिगेल कब्रेरा. कॅल रिपकन ३५०. इव्हान रॉड्रिगेझ. हँक ॲरन ३२८. कार्ल यास्ट्रेम्स्की ३२३. काका एकेका नावावर पेन्सिल ठेवतात. "यातला एक तरी भुक्कड आहे? या यादीत यायचं तर वीस वर्षं रोज तुमच्या हातात बॅट द्यावीशी कुणाला तरी वाटावी लागते. भुक्कड माणसाचे डबल प्ले वीसच्या पुढे जात नाहीत, कारण एकविसाव्याआधी त्याला घरी पाठवतात." जिम राइस हॉल ऑफ फेममध्ये गेला २००९ साली, पंधराव्या आणि शेवटच्या वर्षाच्या मतदानात. इतका उशीर का झाला, यावर काकांची वेगळी वही आहे.

इथपर्यंत ठीक आहे. पण काका हा प्रश्न मैदानात ठेवून येत नाहीत. मंडळात एका मावशींनी जुळवलेली दोन लग्नं मोडली. बायका कुजबुजू लागल्या. काका भजी घ्यायला आले होते, ते मध्येच म्हणाले, "एकूण जुळवली किती?" मावशींनी तेवीस सांगितली. काकांनी कागदी बशीवर भागाकार केला आणि जाहीर केलं, "लीगच्या सरासरीपेक्षा उत्तम." मावशी आता दिवाळीला त्यांना वेगळा डबा पाठवतात. अध्यक्ष आणि सचिव एकमेकांशी बोलत नाहीत, गणपती कसा होणार, अशी चिंता निघाली, तेव्हा काकांनी शिकागोच्या टिंकर आणि एव्हर्सचं उदाहरण दिलं. शॉर्टस्टॉप जो टिंकर आणि दुसऱ्या बेसवरचा जॉनी एव्हर्स यांचं १९०५ साली घोडागाडीवरून भांडण झालं आणि पुढे वर्षानुवर्षं त्यांनी एकमेकांशी शब्द काढला नाही. तरी दोघे मिळून डबल प्ले करत राहिले, कब्ज १९०७ आणि १९०८ ला जगज्जेते झाले आणि १९४६ साली दोघे एकदमच हॉल ऑफ फेममध्ये गेले. "बोलायला कशाला पाहिजे? चेंडू वेळेवर टाकला की झालं." त्या वर्षी गणपती झाला. मात्र आरत्या दोन झाल्या.

घरचे मात्र या प्रश्नाला विटलेले. मुलगी गणितात नापास होऊन आली तेव्हाही "संधी किती?" झालं होतं. आता ती मोठी झाली आणि तिचा नवरा डेटाच्या धंद्यात आहे. तो फोनवर बोट फिरवून सांगतो, या चेंडूचा वेग ताशी एवढे मैल, कोन एवढे अंश. काका बघून न बघितल्यासारखं करतात. त्यांचा देव बिल जेम्स. कॅन्सासमध्ये डबाबंद पोर्क-अँड-बीन्सच्या कारखान्यात रात्रपाळीला पहारा करत त्याने बेसबॉलचे आकडे तपासले, १९७७ साली स्वतःचं पहिलं पुस्तक स्वतःच छापून काढलं आणि पुढे रेड सॉक्सनेच त्याला सल्लागार नेमलं. "त्याच्याकडे फोन होता का?" काका विचारतात. पण २०२३ साली बेसचा आकार पंधरा इंचांवरून अठरा इंच झाला, पहिल्या-दुसऱ्या बेसमधलं अंतर साडेचार इंचांनी कमी झालं, तेव्हा हेच काका रात्री अकराला जावयाला फोन करून विचारत होते, "यामुळे डबल प्लेवर काय परिणाम होईल, तुमचं मशीन काय म्हणतंय?"

काकूंना यातलं सगळं कळतं. इतक्या वर्षांत न कळून जाईल कुठे? पण त्या ते दाखवत नाहीत. त्यांना जिम राइसबद्दल एकच गोष्ट लक्षात आहे. १९८२ च्या ऑगस्टमध्ये फेनवेवर एक चेंडू प्रेक्षकांत शिरला आणि लहान मुलाच्या डोक्याला लागला. राइस डगआउटमधून उडी मारून प्रेक्षकांत गेला, मुलाला उचललं आणि तसाच आत डॉक्टरांकडे घेऊन धावला. मूल वाचलं. रक्त लागलेल्या शर्टनेच राइस पुढे खेळला. "त्याचा रकाना दाखवा," काकू म्हणतात. काका वही मिटतात. या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नाही आणि हे काकूंना माहीत आहे.

परवा मात्र काकूंनी हद्द केली. त्यांच्या हातून लग्नातल्या सेटमधला कप फुटला. काका तिथेच होते, वही घेऊन. "सावकाश गं. या वर्षातला हा तिसरा." वाक्य संपायच्या आत त्यांना कळलं असावं की चेंडू थेट शॉर्टस्टॉपकडे गेला आहे.

काकूंनी नळ बंद केला. "संधी किती?"

काका गप्प.

"जो भांडी घासतो त्याच्याच हातून ती फुटतात. या घरात रोज वीस कप मी घासते. डिशवॉशर आहे, पण त्यात भांडी निथळतात फक्त. चाळीस वर्षं. करा भागाकार. आणि तुमच्या हातून एकही फुटलेला नाही. संधी किती?"

काकांनी मान खाली घालून, प्रामाणिकपणे उत्तर दिलं, "शून्य. पण शून्याने भागता येत नाही."

"म्हणूनच," काकूंनी घासणी पुढे केली.

आणि काका खरोखर भांडी घासू लागले. घासताना अर्थातच हिशेब ठेवू लागले. सिंकच्या वर चौकोनी कागद चिकटवला, प्रत्येक कपाला एक रेघ, पाचवी आडवी. दोन दिवस निभावलं. तिसऱ्या दिवशी सकाळी साबणाच्या हातातून कप सटकला, खालच्या बशीवर आपटला आणि दोन्ही मिळून फरशीवर गेली. काकू आल्या. त्यांनी तुकड्यांकडे पाहिलं, मग काकांच्या कानावरची पेन्सिल काढून त्या कागदावर ठसठशीत अक्षरात लिहिलं: "कप बाद. बशी बाद. डबल प्ले."

"हा यात धरत नाहीत," काकांनी लगेच हरकत घेतली. "कप थेट बशीवर गेला. टप्पा नाही."

काकूंनी फरशीकडे बोट दाखवलं. "जमिनीला लागला का?"

यावर अपील नव्हतं. तरी काकांनी पेन्सिल परत घेतली, रेघा मोजल्या आणि काकूंनी लिहिलेल्या ओळीखाली लिहिलं, "संधी: ४१." मग छाती काढून म्हणाले, "एक्केचाळिसात एक. लीगमध्ये दहात एक असतो. चौपट चांगला आहे मी."

"हो ना," काकू केरसुणी आणायला वळल्या. "इतक्या चांगल्या खेळाडूला बाकावर कोण बसवतं? उद्यापासून कढयासुद्धा तुमच्याकडे."